राखलेल्या झाडाचा हिशेब

दिवाळी सरली, खळ्यावरची झोडणी आटोपली, की रत्नागिरी जिल्ह्यातील आडरस्त्यांवर जळाऊ लाकडाचे ट्रक दिसू लागतात. संगमेश्वर, लांजे, राजापूर, चिपळूण या तालुक्यांच्या डोंगरउतारांवरून ऐन, किंजळ आणि इतर किरकोळ जातींचे ओंडके खाली येतात, रस्त्याच्या कडेला थप्प्या लागतात आणि माल घाट चढून देशावरच्या भट्ट्यांकडे व कारखान्यांच्या बॉयलरांकडे जातो. यात चोरटेपणा असलाच पाहिजे असे नाही. जिल्ह्यातील बहुतेक रान खासगी मालकीचे आहे. सरकारी वनांचे प्रमाण येथे अगदी अल्प. मालकाने अर्ज करावा, १९६४ च्या वृक्षतोड अधिनियमानुसार लागेल त्या झाडांची परवानगी घ्यावी, ठेकेदाराने विसार द्यावा आणि उतार मोकळा व्हावा, असा हा राजरोस व्यवहार आहे. पुढच्या पावसाळ्यात त्याच उतारावर एखाद्या लागवड योजनेचे खड्डे खणले जाऊ शकतात, आणि त्या खड्ड्यांना शासनाचे अनुदानही मिळू शकते. तोडीची परवानगी एका फायलीत, लागवडीची मंजुरी दुसऱ्या फायलीत. आणि दोन्ही फायली नियमाला धरून चोख!

हवेत जाणारा कर्बवायू कमी व्हावा म्हणून केंद्र आणि राज्य शासनांनी गेल्या पंधरा वर्षांत जो खर्च आरंभला आहे, त्यातील मुख्य विसंगती या दोन फायलींत दिसते. नवी वस्तू उभी करणाऱ्याला पैसा मिळतो. जे उभे आहे ते राखणाऱ्याला काहीच मिळत नाही. सौर पट्टी बसवली की अनुदान, रोप लावले की अनुदान. पण तीस वर्षांचा किंजळ न तोडणारा शेतकरी कोणत्याही रकान्यात बसत नाही. शासकीय हिशेब खर्चाच्या रुपयांत आणि उभारलेल्या नगांत होतो. हवेला मात्र नगांशी कर्तव्य नसते.

कोळशावरचा उपकर

या खर्चाला पैसा कोठून यावा, याचे उत्तर केंद्र शासनाने २०१० साली मोठे सयुक्तिक दिले होते. प्रणव मुखर्जी यांनी त्या वर्षीच्या अर्थसंकल्पात दगडी कोळशावर टनामागे ५० रुपयांचा उपकर बसवला आणि त्यातून राष्ट्रीय स्वच्छ ऊर्जा निधी उभा केला. ज्या इंधनाने हवा बिघडते त्याच्यावर कर लावावा आणि तो पैसा हवा न बिघडवणाऱ्या कामांना द्यावा, इतका सरळ हा विचार होता. २०१४ मध्ये उपकर १०० रुपये झाला, २०१५ मध्ये २००, २०१६ मध्ये ४००. नावही बदलून ‘स्वच्छ पर्यावरण उपकर’ असे झाले. एक टन कोळसा जळाला की त्याच्या प्रतीनुसार साधारण दीड ते अडीच टन कर्बवायू बाहेर पडतो, हे लक्षात घेतले तर ४०० रुपये ही काही जबर आकारणी नव्हती. पण भारतासारख्या देशाने ती स्वतःहून लावली, याचे जगात कौतुक झाले.

या उपकराशी रत्नागिरीचा संबंध परका नव्हता. शास्त्री नदीच्या मुखाशी, जयगडला, १,२०० मेगावॉटचे औष्णिक वीजकेंद्र २०१० आणि २०११ या दोन वर्षांत टप्प्याटप्प्याने सुरू झाले. ते मुख्यतः परदेशी कोळशावर चालते आणि उपकर देशी-विदेशी अशा दोन्ही कोळशांवर होता. म्हणजे जयगडच्या धक्क्यावर उतरलेल्या प्रत्येक टनामागे काही रक्कम स्वच्छ हवेच्या नावाने दिल्लीच्या तिजोरीत जमा होत होती.

तिचे पुढे काय झाले, हे शासनाचेच आकडे सांगतात. २०१०-११ ते २०१७-१८ या काळात उपकराचे सुमारे ८६,४४० कोटी रुपये जमा झाले. त्यांपैकी निधीत वर्ग झाले सुमारे २९,६४५ कोटी. आणि प्रत्यक्ष प्रकल्पांवर खर्च झाले सुमारे १५,९११ कोटी. शंभरातले अठराच रुपये इच्छित स्थळी पोहोचले. जे पोहोचले त्यांतूनही गंगाशुद्धीसारख्या, चांगल्याच पण वेगळ्या, कामांना वाटा गेला. १ जुलै २०१७ रोजी वस्तू व सेवा कर आला तेव्हा स्वच्छ पर्यावरण उपकर रद्द होऊन त्याच ४०० रुपयांचा भरपाई उपकर झाला. राज्यांच्या महसुलाची तूट भरून काढणे हा त्याचा हेतू. कोळशावरचा कर राहिला, त्यातली स्वच्छता गेली. पुढे २२ सप्टेंबर २०२५ पासून हा भरपाई उपकरही कोळशावरून उठला आणि कोळशावरील वस्तू व सेवा कर ५ टक्क्यांवरून १८ टक्के झाला. आता कोळशावरचा हा कर साबणावरच्या वा सिमेंटवरच्या करासारखाच सर्वसाधारण तिजोरीत जातो, आणि त्याच्यावर हवेचा कोणताही हक्क राहिलेला नाही.

उपकर वाईट होता म्हणून तो बुडाला असे नव्हे. निधीचा पैसा किती टन कर्बवायू वाचवण्यासाठी आहे, हे आरंभी कोणी ठरवलेच नाही; आणि ज्या पैशाला मोजता येईल असे काम नेमून दिलेले नसते, त्या पैशाला अर्थखात्याच्या दारी दुसरी कामे फार लवकर सापडतात.

छपरांची योजना

सध्या शासनाचा सर्वांत मोठा भर छपरांवर आहे. फेब्रुवारी २०२४ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने पंतप्रधान सूर्यघर योजनेला मान्यता दिली. एक कोटी घरे आणि ७५,०२१ कोटी रुपये असा तिचा आवाका. पहिल्या दोन किलोवॉटला प्रत्येकी ३०,००० रुपये आणि तीन किलोवॉट किंवा त्याहून अधिक क्षमतेला एकूण ७८,००० रुपये असे अनुदान घरमालकाच्या खात्यात जमा होते. योजना चांगली आहे यात शंका नाही. शहरातील नोकरदाराला, ज्याचे बिल वरच्या टप्प्यात जाते आणि ज्याच्या डोक्यावर स्वतःची गच्ची आहे, त्याला तिचा लाभ उघड आहे.

कोकणातील खेड्यात मात्र तिची गाठ निराळ्या वस्तुस्थितीशी पडते. योजनेची अट अशी, की घर अर्जदाराच्या मालकीचे हवे आणि छप्पर पट्ट्यांना योग्य हवे. येथील घर कौलारू. वाशांवर मंगळुरी कौले, भोवती माड, फणस आणि आंब्याची सावली. घर आजोबांच्या नावे, वारस नऊ, त्यांपैकी सहा मुंबईस चाकरमानी. गणपतीला सगळे एकत्र येतात, पण तेव्हा संमतिपत्रावर सही घेण्याचा विषय काढून भांडणाला तोंड कोण फोडणार? वयस्क जोडपे घरात असते, त्यांची वीज महिन्याला शंभर युनिटांच्या आतच लागते, आणि तो वापर दराच्या सर्वांत स्वस्त टप्प्यात मोडतो. अनुदान वगळून उरलेला खर्च त्यांनी करावा तरी कशाच्या आशेवर? शिवाय अनुदान मिळते ते पट्ट्या बसून, तपासणी होऊन, मीटर लागल्यानंतर. ज्याच्याकडे आधी घालायला पैसा आहे किंवा ज्याला बँक दारात उभी करते, त्याच्यासाठी ही रचना आहे. जो अधिक वीज जाळतो त्याला अधिक लाभ, हे या योजनेचे गणितच आहे.

आणि समजा, हे सारे अडथळे दूर झाले. २०११ च्या जनगणनेनुसार जिल्ह्याची लोकसंख्या १६ लाख १५ हजार. दहा वर्षांत वाढण्याऐवजी घटलेली. घरे चार लाख धरली आणि प्रत्येक घरावर तीन किलोवॉटच्या पट्ट्या बसल्या असे मानले, तर एका घरामागे वर्षाला अडीच टनांच्या आसपास कर्बवायू वाचेल; साऱ्या जिल्ह्याचा मिळून दहा लाख टन. जयगडचे केंद्र सरासरी तीन-चतुर्थांश भाराने चालले, तर ते वर्षाला ७८८ कोटी युनिट वीज देते आणि त्यापायी सत्तर लाख टनांच्या घरात कर्बवायू सोडते. जिल्ह्यातील प्रत्येक छप्पर सौर केले तरी एका धुराड्याच्या सातव्या हिश्शाची भरपाई होते. ही वीज एकट्या रत्नागिरीची नव्हे, साऱ्या राज्याची, हे खरे. तरीही प्रमाण कळावे म्हणून हा हिशेब नजरेसमोर असलेला बरा. याच जिल्ह्यात अंजनवेलला, एन्रॉनच्या पडझडीतून २००५ साली पुन्हा उभारलेले १,९६७ मेगावॉटचे वायुकेंद्र आहे. कोळशाच्या जवळजवळ निम्म्याच कर्बवायूत ते वीज देऊ शकते. परंतु परवडणारा वायू मिळत नसल्याने त्याची बहुतेक क्षमता वर्षानुवर्षे निजून राहिली. २०२३ साली केंद्राने कार्बन-पतव्यापाराची योजना अधिसूचित केली, तिच्या पहिल्या उद्योगयादीत सिमेंट, ॲल्युमिनियम, कागद, वस्त्रोद्योग आहेत. औष्णिक वीजनिर्मिती नाही. छपराखालच्या माणसाला उपदेश आणि धुराड्याला मुदत, हा क्रम बदलल्याशिवाय छपरांच्या योजनेचे यश फार तर छपरापुरतेच राहील.

जगलेल्या कलमावर पैसा

शासनाला दुसरी रीत माहीतच नाही असे मात्र म्हणता येत नाही. ती रीत याच जिल्ह्याने पाहिली आहे.

१९९० साली महाराष्ट्र शासनाने रोजगार हमीशी निगडित फळबाग योजना सुरू केली. कोकणातील वरकस जमिनीवर, जांभ्याच्या सड्यांवर, आंब्या-काजूच्या कलमांना शंभर टक्क्यांपर्यंत अनुदान मिळू लागले. दापोलीच्या कृषी विद्यापीठाने कलमांचे तंत्र दिले होतेच. परंतु या योजनेचे खरे वैशिष्ट्य तिच्या एका साध्या अटीत होते. अनुदान एकरकमी मिळत नसे. ते तीन वर्षांच्या हप्त्यांत मिळे, आणि पुढचा हप्ता किती कलमे जगली त्यावर अवलंबून असे. कृषी सहायक बागेत जाई, कलमे मोजी, आणि मग कागद पुढे सरके. मोजणीत लबाडी झालीच नसेल असे कोणी म्हणणार नाही. तथापि खड्डा खणल्याचा पैसा आणि झाड जगल्याचा पैसा यांतला फरक गावोगाव कळला. पाण्याची घागर डोक्यावरून नेऊन कलमे जगवणारी माणसे त्या अटीने घडवली. आज कातळावर दिसणाऱ्या हापूसच्या आणि काजूच्या बागांत त्या मोजणीचा वाटा आहे.

त्याच योजनेचा दुसरा धडा तितकाच महत्त्वाचा, आणि तो सहसा सांगितला जात नाही. कलमे मोजली गेली. कलमांसाठी जे रान साफ झाले ते कोणी मोजले नाही. अनेक उतारांवर ऐन, किंजळ, हिरडा, बेहडा, कुंभा यांची मिश्र झाडी तोडून, राब जाळून, एकाच जातीची लागवड झाली. ज्या मापाने काजू वाढला त्या मापात ऐनाचे घर नव्हते. शासन जे मोजते ते वाढते आणि जे मोजत नाही ते घटते, याचा इतका ढळढळीत पुरावा घरच्या अंगणात असता दूरच्या अहवालांची गरज भासू नये.

आता लाकडाच्या त्या ट्रकाकडे परत वळावे. ट्रकात दहा टन ओले लाकूड आहे असे धरले आणि त्यातले निम्मे वजन पाण्याचे मानले, तर पाच टन सुके लाकूड उरते. सुक्या लाकडाचा निम्मा भाग कार्बन असतो. ते जळाले की नऊ टनांच्या आसपास कर्बवायू होतो. शासनाने ७८,००० रुपये देऊन एका घरावर बसवलेल्या पट्ट्यांना तेवढा कर्बवायू वाचवायला साडेतीन वर्षे लागतात. एक ट्रक एका दिवसात घाट चढतो. लाकूडतोडीतून मालकाच्या हाती पडणारी रक्कम तर ७८,००० च्या जवळपासही नसते. ठेकेदार उभ्या उतारावर नजर टाकून ठोक किंमत करतो आणि गरजू माणूस ती घेतो. मुलीचे लग्न असते, आजारपण असते, सातबारावरच्या वाटणीचा खर्च असतो.

यावर तज्ज्ञांचा एक आक्षेप असतो आणि तो रास्त आहे. लाकूड जळाले तरी त्याच बुंध्याला फुटवे येतात, झाड पुन्हा वाढते आणि सोडलेला कर्बवायू परत शोषून घेते. म्हणून लाकूड आणि कोळसा यांना एका तागडीत घालू नये. कोकणचा शेतकरी पिढ्यान्‌पिढ्या हेच करत आला. किंजळ आणि ऐन तोडल्यावर फुटतात, उतार काही वर्षांनी पुन्हा हिरवा होतो. पण हे गणित उताराला पुरेशी उसंत मिळाली तरच जुळते. तोडीची पाळी लवकर लवकर येऊ लागली, मधल्या काळात वणवा फिरला किंवा बुंधेच उपटून जमीन सपाट झाली, तर शोषून घ्यायला मागे कोणी उरत नाही. ३ जून २०२० च्या निसर्ग वादळाने दापोली-मंडणगडच्या बागा झोपवल्या आणि २२ जुलै २०२१ ला वाशिष्ठीने चिपळूण बुडवले. त्या पुराची कारणे अनेक आहेत आणि त्यांची एकाच कारणावर बोळवण करणे अप्रामाणिकपणाचे होईल. इतके मात्र निश्चित, की उघडा पडलेला उतार पाणी थोपवत नाही आणि मातीही धरून ठेवत नाही. उभ्या रानाचे मोल केवळ कर्बवायूच्या टनांत संपत नाही.

मग उभे रान राखणाऱ्याला पैसा द्यावा काय? न तोडण्याचा मोबदला म्हणजे काही न करण्याचा पगार, अशी थट्टा मंत्रालयात होऊ शकते. कोस्टा रिका या मध्य अमेरिकेतील लहानशा देशाने ही थट्टा मनावर घेतली नाही. तेथे १९९६ साली वनविषयक कायदा झाला आणि पुढच्या वर्षापासून खासगी रानाच्या मालकांना रान राखण्याबद्दल करारान्वये मोबदला मिळू लागला. तो पैसा आला मुख्यतः इंधनावरील कराच्या एका ठरावीक हिश्श्यातून. खनिज इंधनावर कर आणि उभ्या झाडाला मोबदला, ही जोड तेथे कायद्यानेच घातली गेली. त्या योजनेवरही टीका झाली. जे रान तसेही तुटले नसते, त्याच्या मालकांना फुकट पैसा गेला, असे अभ्यासकांनी दाखवून दिले. ती उणीव खरी आहे. पण तिच्यावरचा उपाय, जेथे कुऱ्हाडीचा धोका अधिक तेथे पैसा आधी, असा असू शकतो. पैसाच न देणे हा नव्हे.

भारतातही पाऊल अगदीच पडले नाही असे नाही. २०२३ च्या ग्रीन क्रेडिट नियमांनी वृक्षलागवडीला पत देण्याची कल्पना आणली. आरंभी भर लागवडीवरच होता. २०२५ मध्ये त्यात सुधारणा होऊन पाच वर्षे संगोपन आणि किमान चाळीस टक्के छत्र झाल्यावरच पत मिळावी असे ठरले. फळबाग योजनेने १९९० मध्येच ओळखलेले शहाणपण दिल्लीला तीन तपांनी का होईना सुचले. पण ही सारी लागवड वनखात्याच्या ताब्यातील उजाड जमिनीवर व्हायची आहे. रत्नागिरीत, जेथे रान खासगी आहे आणि उजाड व्हायचे अजून शिल्लक आहे, तेथे तिचा उपयोग काय? या योजनेला पात्र होण्यासाठी रानाने आधी सरकारी व्हावे आणि मग उजाड व्हावे लागेल.

खासगी मालकांशी करार होतच नाहीत, हे म्हणणेही आता टिकत नाही. संगमेश्वर तालुक्यात पुण्याच्या ॲप्लाइड एन्व्हायर्न्मेंटल रिसर्च फाउंडेशनने गेली अनेक वर्षे ग्रामस्थांशी आणि रानमालकांशी करार करून देवराया व खासगी रान राखण्याचे काम चालवले आहे. बेहड्यासारख्या रानफळांना प्रमाणित बाजार मिळवून देऊन उभ्या झाडातून उत्पन्न निघू शकते हेही दाखवले आहे. एका संस्थेच्या हातून होते ते काही उतारांपुरते होते. जिल्ह्याच्या पातळीवर ते करायला शासनाची यंत्रणा लागते, आणि ती यंत्रणा नव्याने उभारण्याची गरज नाही. तलाठ्याकडे सातबारा आहे, वनखात्याकडे तोडीच्या अर्जांची नोंद आहे, उपग्रहाची छायाचित्रे उपलब्ध आहेत. ज्या उतारावर तोडीचा अर्ज आला, त्याच्या मालकाला परवानगी देण्यापूर्वी दुसरा पर्याय पुढे ठेवता येईल: पाच वर्षे रान राखा, दरवर्षी मोजणी होईल आणि उभ्या झाडांवर हप्ता मिळेल. सामाईक सातबाराची अडचण येथेही येईल, नाही असे नाही. पण तोडीच्या संमतीसाठी नऊ वारसांच्या सह्या जमतात, तर न तोडण्याच्या पैशासाठीही त्या जमतील.

पैशाचा प्रश्न उरतो. कोळशाच्या उपकराचे जे झाले ते पाहता दिल्लीच्या नव्या निधीची वाट पाहण्यात अर्थ नाही, आणि एका जिल्ह्याच्या प्रयोगाला तितक्या मोठ्या रकमेची आवश्यकताही नाही. जिल्हा वार्षिक योजनेत असा एक शीर्ष उघडणे जिल्हा नियोजन समितीच्या आवाक्यातील गोष्ट आहे. त्या योजनेचा आराखडा साधारणपणे जानेवारी-फेब्रुवारीत पक्का होतो. तोडीचा हंगामही त्याच महिन्यांत भरात असतो.